‘सैराट’, चाळीस लाख आणि अर्धवट हिशेब

मराठी चित्रपटांचं अनुदान बंद करा, असा मेसेज दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतो. युक्तिवाद थोडक्यात असा: चांगला सिनेमा आपोआप चालतो, ‘सैराट’ चाललाच ना, जो चालत नाही त्याला करदात्यांनी ४० लाख का द्यायचे? आणि हिंदीवाले कुठे सरकारपुढे हात पसरतात?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात पोकळ आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली सरकारनेच उभारली, सरकारी जमिनीवर. तिथे भाडं भरावं लागतं, मान्य. पण मुंबईत चित्रीकरणासाठी एवढी मोकळी जागा कुठल्या बिल्डरने राखून ठेवली असती? मल्टिप्लेक्सची गोष्ट तर त्याहून मजेशीर. २००१ च्या धोरणाने त्यांना पहिली ३ वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला, पुढची २ वर्षंही मोठी सवलत दिली. मराठी सिनेमाला आडवेळेचा खेळ देणारे हे पडदे आपल्याच करमाफीवर उभे राहिलेत. याला खुला बाजार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता ‘सैराट’. २०१६ चा हा चित्रपट १०० कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट होता. तोवर एकही तिथे पोचला नव्हता, मग त्या आधीचे सगळे वाईटच होते का? शिवाय त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं नाव आधी झालं ते ‘पिस्तुल्या’ या लघुपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारामुळे. तो पुरस्कारही सरकारच देतं.

राहिले ४० लाख. ते कथा ऐकवून मिळत नाहीत. चित्रपट पुरा करायचा, सेन्सॉर करून घ्यायचा, मग समिती गुण देणार. ‘अ’ दर्जाला ४०, ‘ब’ला ३०. तोवर निर्मात्याचा पैसा लाइटमन, स्पॉटदादा, मेकअपदादा, केटरर, जनरेटरवाला यांच्या घरी पोचलेला असतो. पूर्वी मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. २०१७ ला जीएसटी आला आणि ती माफी गेली. आता १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के. अशा तिकिटांची करापूर्वीची विक्री ५ कोटी झाली तर कर ९० लाख, त्यातला राज्याचा वाटा ४५. थिएटरने आपल्या खर्चावर आधीच भरलेला जीएसटी यातून वजा होतो, तो धरला तर आकडा उतरेल, आणि बहुतेक चित्रपट ५ कोटींपर्यंत जातही नाहीत. पण मेसेजमध्ये जमेची बाजूच नाही, त्याचं काय?

एक मात्र त्यांचं बरोबर आहे: अनुदानावर डोळा ठेवून सिनेमे काढणारे आहेत. १९७५ च्या योजनेत पुढचा चित्रपट काढला की आधीच्याचा करमणूक कर परत मिळायचा. तेव्हाही केवळ परताव्यासाठी काहीतरी गुंडाळणारे होतेच. दर्जाची अट आली ती म्हणूनच. खरी भोकं पुढे आहेत. हे पैसे निर्मितीसाठी. चित्रपट जालन्यात लागणार का, संध्याकाळचा खेळ मिळणार का, याच्याशी त्यांचा संबंध नाही. शुक्रवारी लागलेला चित्रपट सोमवारी उतरतो, तोवर शेजारच्यांना कळलेलंही नसतं. त्याबद्दल मेसेज काढा, मीही पुढे पाठवीन.