खलाशाने झोपायचं कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

मासेमारी बंदरातल्या लिलाव शेडमधून बोटींवरच्या खलाशांना मध्यरात्री उठवून हाकललं, त्यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हे लोक परप्रांतीय, निम्मे नेपाळी. कागदपत्रांचा पत्ता नाही, बंदर घाण करतात, उचल घेऊन पळतात. २६/११ नंतर अधिकारी कडक वागले तर चुकलं काय? आणि शेवटी, 'एवढा कळवळा असेल तर घरी न्या.' तुम्ही बोटमालकाच्या घरातले आहात हेही सांगितलंत, ते बरं केलंत.

उचलीची तक्रार खरी आहे. हंगामाच्या तोंडावर पैसे देऊन माणसं आणायची आणि ती गायब व्हायची, यात छोटा मालक बुडतो. पण तो मालक आणि खलाशाचा व्यवहार झाला. त्याची वसुली बंदराच्या रखवालदाराच्या काठीने होत नाही.

आता सुरक्षा. २००८ साली अतिरेक्यांनी समुद्रात पळवली ती 'कुबेर' पोरबंदरची मासेमारी बोट होती. मुंबईत पहिली गोळी सुटण्याआधीच तिच्यावरचे खलाशी आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मारले गेले होते. त्या हल्ल्याचे पहिले बळी याच धंद्यातले गरीब. तपासणी हवीच. १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो, त्याआधी दिवसाढवळ्या, मालकाला समोर उभं करून एकेकाची नोंद करा, ओळखपत्र द्या. रात्री एक वाजता तोंडावर बॅटरी मारून कुठली सुरक्षा वाढते? नेपाळी मुलांचं म्हणाल, तर १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहता येतं, कामही करता येतं. ती घुसखोर नाहीत.

घाणीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. मी लिहिलं त्या बंदरात बोटी एकीला एक लावून बांधतात. बोट रांगेत पाचवी असेल, तर जमिनीवर यायला चार बोटींचे कठडे, दोरखंड, जाळ्यांचे ढीग ओलांडायचे. तेही अंधारात, ओल्या फळ्यांवरून. सुकती, म्हणजे ओहोटी, असली की जेटी डोक्याच्याही वर जाते. मग टायरांना धरून चढायचं. एवढं करून वर पोचलं तर स्वच्छतागृहाला कुलूप. माणूस बोटीच्या कडेलाच बसणार! तोल जाऊन खलाशी बुडाल्याची चार ओळींची बातमी आपण वाचतो, 'प्यायला असेल' म्हणतो आणि पान उलटतो.

राहायची जागा म्हणजे केबिनमागे पाय दुमडून पडण्यापुरती फळी, उशाशी गॅसची शेगडी, सगळ्यांत मिळून पाण्याचं एक पिंप. डिझेलचा वास कपड्यांतून जात नाही. ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत हेच घर. यात कुणाची हौस नाही. मालक खोली देत नाही, गावात भाड्याने मिळत नाही, शेडमध्ये पडू देत नाहीत, आणि आता बोटीवरही 'वास्तव्यास मनाई' असा फलक लागलाय. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बुलडोझर चालला, तेव्हा बांधकामं किती नि जागा कुणाची यावर रकाने भरले. मी वाचलं त्यात खलाशांच्या पथारीचं नाव नव्हतं.

परप्रांतीय असण्याची झळ आपल्या माणसांनाही बसली आहे. डहाणू-तलासरीचे कितीतरी आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ते बोटींनीच घराकडे निघाले, तर गुजरातमधल्या नारगोलच्या किनाऱ्याला त्यांना उतरू देईनात. घर जवळ, आणि माणसं बोटीत अडकलेली. पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात, तेव्हाही आपला जीव तुटतो. मग आपल्या बंदरात दुसऱ्याचा मुलगा बोटीत झोपतो, तेव्हा तो नुसती घाण कसा ठरतो?

घरी न्या म्हणालात. त्यांचा दिवस तुमच्या बोटीवर जातो, त्यांनी ओढलेल्या जाळ्यावर तुमचं घर चालतं. त्यांच्या रात्रीची जबाबदारी माझ्यावर ढकलू नका.

तुमची मच्छीमार संस्था डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी मत्स्यव्यवसाय कार्यालयात खेपा घालतच असेल. तो तुमचा हक्क आहे. त्याच खेपेत आणखी एक अर्ज द्या: जेटीवरचं स्वच्छतागृह रात्रभर उघडं ठेवा, नळाला पाणी द्या, लिलाव आटोपल्यावर शेडचा एक कोपरा झोपायला मोकळा करा. मालकांच्या सह्या असतील तर तो अर्ज टेबलावर तरी जाईल. खलाशाच्या हातून तर कुणी कागदही घेत नाही. मसुदा मी लिहून देते. संस्थेच्या पुढच्या सभेत तुम्ही तो मांडाल का, तेवढं कळवा.