हार्ड डिस्क कपाटात ठेवा म्हणे!

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. ‘क्लाऊडला दरमहा पैसे भरणं म्हणजे जन्मभर भाड्याच्या घरात राहणं. एकदाच हार्ड डिस्क घ्या, कपाटात ठेवा, आयुष्यभराची चिंता मिटली. शिवाय तुमचे फोटो कुणी बघणार नाही.’ क्लाऊड म्हणजे इंटरनेटवरून आपले फोटो कंपनीच्या संगणकांवर ठेवणं. आमच्या ग्रुपवर या मेसेजला धडाधड अंगठे पडले. सांगलीकरांनी तरी अंगठा द्यायच्या आधी थोडं आठवायचं होतं.

कपाटात ठेवा, पण कुठल्या कपाटात? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात आम्ही तांदळाचं पोतं, सिलिंडर, आजीची गादी माळ्यावर टाकली. हार्ड डिस्क लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली, लग्नाच्या अल्बमशेजारीच. म्हणजे मूळ फोटो आणि त्यांची कॉपी एकाच पाण्यात बुडाली. डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत गेला. मी शहाण्याने ती उन्हात वाळवून लॅपटॉपला जोडली. टिक्-टिक् वाजली आणि संपलं. रिकव्हरीवाल्याचा पहिला प्रश्न होता, “चालू करून बघितली का?” भिजलेली डिस्क चालू करायचीच नसते, आतली चकती फिरते आणि वाळलेला गाळ तिला खरवडून काढतो.

‘आयुष्यभर’ हा शब्द तर कंपनीही वापरत नाही. ती वॉरंटी देते दोन-तीन वर्षांची, आणि तीही डिस्क बदलून देण्याची. आतल्या फोटोंची नव्हे.

फोटो कुणी बघण्याची भीती अगदीच खोटी नाही. नेहमीच्या क्लाऊडमध्ये कुलपाची किल्ली कंपनीकडेही असते. आधार, पॅनचे स्कॅन टाकायचेच तर पासवर्ड लावून टाका. कपाटातल्या डिस्कला तरी कुठे कुलूप असतं?

भाड्याचं मात्र मान्य. गूगलचे फुकटचे 15 जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, आणि 1 जून 2021 पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात. त्याहून मोठी गोम वेगळीच: बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजमधून उडवला की क्लाऊडवरूनही जातो, ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, मग कायमचा. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर तेही पुसलं जाऊ शकतं. अपलोडचा वेग 20 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 20 मेगाबिट धरला तर 200 जीबी चढायला जवळपास 22 तास लागतात. दारात पाणी आल्यावर ते जमत नाही.

म्हणून मी भाडंही भरतो आणि डिस्कही घेतली. दोन घेतल्या. निवडक फोटो आणि कागद क्लाऊडवर, एक डिस्क घरी, दुसरी विश्रामबागेत ताईकडे. भाऊबीजेला अदलाबदल करतो. मागे कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली तेव्हा बायकोने आधी विचारलं, “ताईकडची डिस्क ताईकडेच आहे ना?” मग आम्ही तांदूळ उचलायला घेतले.