दहा मिनिटांचा टोस्ट

उन्हाळ्यात गॅसपुढे उभं राहायला नको म्हणून टोमॅटो-चीज टोस्ट करावा, असं ज्याने कोणी पहिल्यांदा सुचवलं, त्याच्या घरी पाव उन्हातच भाजला जात असावा.

पाहुणे 6 वाजता येणार होते. साडेपाचला मी जाहीर केलं, "आजचं स्टार्टर माझ्याकडे. दहा मिनिटांचं काम आहे."

"बरं," बायको म्हणाली. तिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा 'ओटा कोण पुसणार ते मला ठाऊक आहे' या प्रकारातला.

टोमॅटो पिकलेले हवेत, तसे आणले होते. लालबुंद, बोट लावलं तर खळी पडेल असे. सुरी लावली, तर ती सालीवरून ओळख नसल्यासारखी सरकली. मग जोर लावला. टोमॅटो चिरला नाही, फुटला. चार बिया चष्म्यावर आल्या.

"पावाची दातेरी सुरी घे," बाहेरून आवाज आला. पुढचा टोमॅटो मुकाट्याने चिरला गेला. "आणि फ्रीजमध्ये ठेवले नव्हतेस ना? वास जातो त्यांचा."

सकाळपासून फ्रीजमध्येच होते. मी नळ जरा मोठा सोडला.

खरा वैरी मात्र वास नाही, पाणी. टोमॅटोत सुमारे 95 टक्के पाणीच असतं. उरलेल्या 5 टक्क्यांना आपण भाजी म्हणतो. फोडींना मीठ लावलं की हे पाणी बाहेर यायला लागतं, म्हणून फोडी चाळणीत घालून खाली वाडगा ठेवायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटांच्या पाककृतीत ही पंधरा मिनिटं धरत नाहीत. त्यात ताजं मोझरेला चीज पाण्यातच पोहत येतं. ते टिपता टिपता ओट्यावरची तिन्ही फडकी ओली झाली.

पावाला ऑलिव्ह तेल लावताना बाटलीचं झाकणच निघालं. नमनालाच घडाभर तेल! तवा तापला, मीही तापलो. भाचा दारात येऊन उभा राहिला.

"मामा, ब्रुशेटा करतोयस? ब्रुस्केत्ता म्हणतात त्याला."

वर त्याने अशीही माहिती दिली, की हा शब्द रोमकडच्या बोलीतल्या निखाऱ्यावर भाजण्याच्या क्रियापदावरून आलाय. म्हणजे पदार्थाच्या नावातच शेगडी आहे, आणि मी तो गॅस टाळायला निवडला होता.

एक गोष्ट मात्र जमली. भाजलेल्या पावावर लसणाची कच्ची पाकळी घासायची. खरखरीत टोस्ट किसणीचं काम करतो आणि पाकळी बघता बघता विरते. मी एवढा रंगलो की शेवटी बोटही घासलं.

सहाला पहिली आठ टोस्ट तयार. फोन वाजला. "निघालोच!" या शब्दाचा अर्थ 'आंघोळीला निघालोच' असा घ्यायचा असतो. अर्ध्या तासात टोस्टांनी माना टाकल्या. उचललं की दोन्ही टोकं खाली.

दुसरी खेप भाजायला घेतली. पावाचा स्वभाव विचित्र: चार मिनिटं पांढरा, पाचव्या मिनिटाला सोनेरी, आणि तुम्ही बेल वाजली म्हणून दार उघडून येईपर्यंत कोळसा.

पाहुणे बसले. तिसऱ्या खेपेचा ट्रे घेऊन मी धावलो, "लगेच खा, लगेच!" त्यांनी आधी प्रवासाची हकिगत सांगितली. मग एकाने टोस्ट उचलून कडक घास घेतला. पाव तोंडात गेला, टोमॅटो-चीज अखंड मांडीवर उतरलं. सगळ्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं. फार अवघड शांतता होती ती.

फडकं आणायला आत आलो, तर बायको ओट्याशी उभी. पहिल्या खेपेतले मेलेले टोस्ट तिने तोडून चाळणीखालच्या वाडग्यात टाकले होते. मीठ, लसूण, तेल आणि टोमॅटोचं ते सगळं पाणी, ज्याच्याशी मी तासभर लढलो. वर तुळशीसारखी दिसणारी बेसिलची पानं, हाताने फाडलेली. चमच्याने खात होती.

"हे झकास झालंय रे."

मी चमचा घेतला. मागून भाचा आला, त्याच्यामागे मांडीवर डाग असलेले पाहुणे. पाच चमचे, एक वाडगा.

"याला काय म्हणतात?" पाहुण्यांनी विचारलं.

मी भाच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात घास होता.