अँगस सोडून सगळे बदलले, मग ही एसी/डीसी कशी?

नमस्कार,

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या पुनरागमनावर मी लिहिलं, त्यावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमच्या म्हणण्याचा गोषवारा असा: गिटारवाला माल्कम यंग गेला, ड्रमवर फिल रड नाही, बासवरचा क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. उरले गिटारवर अँगस यंग आणि गायक ब्रायन जॉन्सन, आणि ब्रायनचा आवाज पार बसलाय. तेव्हा सध्या स्टेडियम भरवतेय ती एसी/डीसी नव्हेच, जुन्या पाटीवर चाललेलं दुकान आहे. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडनं 1980 मध्ये वेळेवर थांबून नाव राखलं, तसं यांनीही थांबायला हवं होतं. खरी एसी/डीसी पाहायची तर 2009 चं रिव्हर प्लेट स्टेडियममधलं रेकॉर्डिंग पाहावं. आणि माझा लेख म्हणजे भक्ताची आंधळी माया.

माया आहेच, ते नाकारत नाही. आंधळी आहे का, ते पुढचं वाचून ठरवा.

आधी आवाजाचं, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. ब्रायन गातो तेच मुळी वरच्या पट्टीत, गळा खरवडून. 1980 साली बँडमध्ये आला तेव्हा तो 32 वर्षांचा होता. 7 ऑक्टोबर 2023 ला कॅलिफोर्नियातल्या इंडिओला पॉवर ट्रिप महोत्सवात सात वर्षांनी बँड मंचावर चढला, त्याच्या दोनच दिवस आधी त्याला 76 वं लागलं... म्हणजे 76 पूर्ण झाली. असं गाणं त्या वयात जसंच्या तसं निघणं अशक्यच. नंतरच्या युरोप दौऱ्यातले लोकांनी फोनवर काढलेले व्हिडिओ बघा, ओळीचं शेवटचं टोक तो सरळ गर्दीवर सोडून देतो. 'बॅक इन ब्लॅक' या गाण्यात तर शब्द कमी आणि धाप जास्त, असंही काही वेळा वाटतं.

पण "आवाज गेला की माणसानं उतरावं" हे तुमचं वाक्य ब्रायनला लावताना एक गोष्ट तुम्ही गाळलीत. त्याला एकदा उतरवून झालंय. मार्च 2016 मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की असंच चालू ठेवलंस तर कान कायमचे जातील, आणि दौरा अर्धवट टाकून तो घरी गेला. (कानाची वाट बँडपेक्षा मोटारशर्यतींच्या नादानं लागली, असं तो स्वतःच सांगतो.) उरलेले कार्यक्रम गायला गन्स अँड रोझेसचा गायक ॲक्सल रोझ आला. पाय मोडलेला, त्यामुळे लिस्बनला खुर्चीत बसून गायला, आणि बरा गायला. हाच ॲक्सल 2025 च्या मे महिन्यात स्वतःचा बँड घेऊन महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेला. एसी/डीसी मात्र भारतात कधीच आलेली नाही, त्यामुळे तुम्ही आणि मी दोघंही पडद्यावर पाहूनच भांडतोय, हे आपलं आपल्यात.

तर 2016 मध्ये सगळं संपलं असंच जग धरून चाललं होतं. मग स्टीफन ॲम्ब्रोझ नावाचा गृहस्थ पुढे आला. गायकाला मंचावर स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या, कानात घालायच्या मॉनिटरच्या कामात पहिल्यापासून असलेला माणूस. कवटीच्या हाडांतून आवाज पोचवायच्या तंत्रावर तो ब्रायनबरोबर काही वर्षं खपला, आणि त्यातून ब्रायनला पुन्हा बँडबरोबर उभं राहता आलं. ऐकूच येत नसलेला गायक सुरात कसा राहणार? तो प्रश्न सुटला म्हणून तो परतला. पैसा हे कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही, पैसा प्रत्येक मोठ्या दौऱ्यात असतो. पण निव्वळ पैसाच हवा असता तर निरोपाचा दौरा जाहीर करून तिकिटं खपवायची सोपी वाट होती. किस या बँडनं ती 2000 साली एकदा आणि 2019 पासून पुन्हा एकदा वापरली, आणि डिसेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कला शेवटचा कार्यक्रम संपवताना पुढे आमचे डिजिटल अवतार वाजवतील असं सांगून मोकळे झाले. त्या अवतारांचा गळा कधी बसणार नाही. मला धापा टाकणारा ब्रायन परवडला.

आता मुख्य मुद्दा, संच बदलल्याचा. इथे मात्र तुमचं माझं अजिबात जमत नाही.

1973 मध्ये सिडनीत दोन भावांनी हा बँड काढला, माल्कम आणि अँगस. त्यानंतर तिथे कोण टिकलं? पहिली काही वर्षं तर ड्रमवर आणि बासवर कोण बसेल याचा नेम नसे. क्लिफ आला 1977 मध्ये. तुमच्या 'खऱ्या' संचातल्या फिल रडला 1983 मध्ये काढलं होतं, तो परतला 1994 मध्ये. मधल्या काळात आधी सायमन राइट, मग ख्रिस स्लेड. आज लग्नाच्या वरातीपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत कुठेही वाजणारं 'थंडरस्ट्रक' 1990 चं, त्यावर ड्रम स्लेडचे आहेत. ते खोटं मानायचं का?

या बँडमध्ये न बदलणारी गोष्ट एकच होती, माल्कमचा उजवा हात. हेडफोन लावून जुना कुठलाही अल्बम ऐका: एका कानात अँगस, दुसऱ्या कानात माल्कम. माल्कमच्या बाजूला फारसं काही 'घडत' नाही. ठसठशीत उघड्या कॉर्ड्स (एकत्र छेडलेले सूर), त्यांच्यामध्ये सोडलेली जागा, आणि नेमक्या क्षणी दाबून तोडलेला आवाज. हार्ड रॉक म्हटल्यावर लोकांना वाटतं तितका त्याचा सूर फाटका नाहीच, चक्क स्वच्छ आहे. त्याची 1963 ची ग्रेच गिटार पाहिलीत तर हसाल. रंग खरवडून टाकलेला, नको असलेले पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) उपटलेले, त्यांच्या जागी नुसती भोकं. तारा जाडजूड. मंचावर हा माणूस मागे ड्रमपाशी उभा राहायचा. कोरस आला की माइकपाशी पुढे यायचा, दोन ओळी ओरडायचा, पुन्हा उलट्या पावली मागे. शाळेच्या गणवेशात अँगस जो काही धुमाकूळ घालतो, तो या मागच्या माणसाच्या जिवावर.

त्या जागेवर आता स्टीव्ही यंग आहे. तुम्ही त्याला "भाड्यानं आणलेला" म्हणता. अहो, तो यंगांच्या थोरल्या भावाचा मुलगा! नात्यानं पुतण्या, पण अँगसहून वयानं दीड-पावणेदोन वर्षांनीच लहान, काकाच्याच पिढीत वाढलेला. आणि तो काल आलेला नाही. 1988 मध्ये माल्कम दारू सोडवायला दौऱ्यातून बाजूला झाला, तेव्हा अमेरिकेतले कार्यक्रम स्टीव्हीनंच वाजवले. समोरच्या पुष्कळांना माणूस बदललाय हे कळलंही नाही, असं सांगतात. 2014 मध्ये माल्कम कायमचा थांबला तेव्हा तोच पुन्हा आला. आता तोही मागे ड्रमपाशी उभा राहतो, कोरसला पुढे येतो आणि मागे जातो. घराण्याच्या गायकीत काकाची चीज पुतण्यानं गायली तर आपण दाद देतो, मग गिटार हातात आली की लगेच नकली कसं?

आणि तुमचं रिव्हर प्लेट. डिसेंबर 2009, ब्यूनस आयर्स, सगळं मैदान एका लयीत उड्या मारतंय. माझंही अतिशय आवडतं रेकॉर्डिंग आहे. पण त्या दौऱ्यात काय चाललं होतं हे नंतर अँगसनं सांगितलंय. माल्कमला तेव्हाच विस्मरण सुरू झालं होतं. स्वतः रचलेल्या, वर्षानुवर्षं वाजवलेल्या रिफ (गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या धुना) तो कार्यक्रमाआधी बसून पुन्हा नव्यानं शिकायचा आणि मग मंचावर जायचा. तुम्ही ज्याला अस्सल, धडधाकट एसी/डीसी म्हणता, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस असा लढत होता. तुमच्या नियमानं त्यानंही तेव्हाच उतरायला हवं होतं, म्हणजे तुमचं ते आवडतं रेकॉर्डिंगच झालं नसतं. माल्कम 18 नोव्हेंबर 2017 ला गेला. 2020 मध्ये आलेल्या 'पॉवर अप' अल्बममधलं प्रत्येक गाणं अँगस आणि माल्कम या दोघांच्या नावावर आहे, कारण ते दोघांनी आधी साठवून ठेवलेल्या कल्पनांतून उभं राहिलंय.

झेपलिनचं उदाहरण तर तुम्ही स्वतःच्याच विरोधात दिलंत. 1980 हे साल दोन्ही बँडांना सारखंच वाईट गेलं. फेब्रुवारीत लंडनमध्ये एसी/डीसीचा तेव्हाचा गायक बॉन स्कॉट गेला, सप्टेंबरमध्ये झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम. दोघेही दारूपायी. झेपलिन थांबले. एसी/डीसीनं महिना-दीड महिन्यात ब्रायनला शोधला, बहामात जाऊन रेकॉर्डिंग केलं आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाजारात होता. वेळेवर थांबण्याचा तुमचा नियम तेव्हा पाळला असता तर हा अल्बम नसता. आणि थांबलेले झेपलिन तरी कुठे थांबले? 1985 ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीत आले, ते इतकं फसलं की त्याच्या डीव्हीडीत आपला भाग घालू द्यायलाही त्यांनी नकार दिला. 10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओटू अरेनात पुन्हा आले, तेव्हा ड्रमवर जॉनचा मुलगा जेसन होता. त्या रात्रीचं कौतुक करताना कुणी मुलाला भाडोत्री म्हटलं नाही.

उरला फिल रड. त्याच्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. 2014 मध्ये न्यूझीलंडमधल्या कोर्टकचेरीपायी तो दौऱ्याला मुकला, 'पॉवर अप'वर पुन्हा वाजवला, आणि मंचावर मात्र परतलाच नाही. त्याच्या जागी आलेला मॅट लॉग चांगला ड्रमर आहे, कुठे चुकत नाही, जोरही आहे. पण फिल तोंडात सिगरेट ठेवून तोच साधा चारचा ठेका असा काही मागे रेलून वाजवायचा की माल्कमच्या कॉर्डला बसायला जागा मिळायची. लॉगच्या हातून तीच गाणी थोडी घाईत असल्यासारखी वाटतात. इंडिओच्या व्हिडिओत मला ब्रायनच्या आवाजापेक्षा तेच जास्त खुपलं, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत त्यावर फक्त "फिल रड नाही" हे तीन शब्द आहेत. त्यावर जरा सविस्तर लिहा की.