धाकटीला एकटीला कुणी विचारलं का?

आमच्याच घरातलं आहे. जिचं आहे तिला विचारूनच लिहितेय.

मोठ्या नणंदेची गर्भपिशवी काढावी लागली. मूलबाळ नाही. डॉक्टरांनी सरोगसीचं, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवण्याचं, नाव काढलं आणि नाशिकच्या आमच्या सिडकोतल्या घरात सगळ्यांच्या नजरा धाकट्या जावेकडे वळल्या. २९ वर्षांची, एक मुलगी पदरात. २०२१ च्या सरोगसी कायद्यात अगदी बसणारी: वय २५ ते ३५, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली. जेवताना सासरे म्हणाले, "घरातल्या घरात होऊन जाईल." ती भाकरी वाढत होती, काही बोलली नाही. रात्री मेथी निवडताना मला म्हणाली, "ताई, मी नाही म्हटलं तर या घरात माझ्याशी बोलेल कोण?" हातातली जुडी तशीच राहिली तिच्या.

पैसे घेऊन सरोगसीवर बंदी का आली, हे मला माहीत आहे. गुजरातमधल्या आणंदला सरोगसीसाठी परदेशी जोडप्यांची रीघ लागायची. २००८ मध्ये सरोगसीतून होणारी मांजी नावाची मुलगी जन्मायच्या आधीच तिच्या जपानी आईबापाचा घटस्फोट झाला आणि ते बाळ काही महिने भारतातच अडकून पडलं. गरीब बाईची कूस बाजारात जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण बाजाराला कुलूप लावलं म्हणून घरातली जबरदस्ती थांबते का?

धाकटी अंबडला कंपनीत पॅकिंगला जाते. कायद्याने तिला औषधपाण्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा. बुडालेल्या पगाराचं काय? डॉक्टर, लॅब, वकील सगळे फी घेणार, आणि जी नऊ महिने पोटात वाढवणार तिने मात्र मायेपोटी करायचं! बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, असं २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेच सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही.

तिला समजेल त्या भाषेत लेखी संमती हवी, गर्भ पोटात सोडण्याआधी माघार घेता येते, हेही कायद्यात आहे. पण सासू दाराशी बसलेली असताना माघार कोण घेईल? माझं म्हणणं एवढंच, की तिच्याशी बंद खोलीत, घरातलं कुणीही सोबत नसताना बोलणं सक्तीचं करा. ती नको म्हणाली तर डॉक्टरांनी बाहेर येऊन फक्त "हिला नाही जमणार" एवढंच सांगावं. कारण कुणाला कळायला नको.

आमच्याकडे "हिला नाही जमणार" हे मी सांगितलं, सगळ्यांसमोर. नणंद खूप रडली. तिच्याजवळ बसून मीही रडले, तिचं दुःख खोटं नाही. आता ती माझा फोन उचलत नाही. धाकटीशी मात्र बोलते.