‘भेसळीचं ॲल्युमिनियम’ या एक स्टारच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. ‘भेसळीचं ॲल्युमिनियम विकतात, तांब्याची नळीही पातळ दिली, होडीवरचा अँटेना एका पावसाळ्यात गेला, ऑगस्टपासून उपग्रहाची चित्रं बंद’ असं लिहिलंत. बाकीची गिऱ्हाइकंही विचारू लागली, म्हणून इथेच उत्तर देतो.

तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. ॲल्युमिनियमच्या पट्टीचं पीव्हीसी पाइपावरचं टोक अजून चकचकीत आहे. पांढरी भुकटी झालीय ती तांब्याच्या नळीला आवळलेल्या टोकाची. एकाच पट्टीच्या अर्ध्या भागात भेसळ कशी असेल? तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडले आणि त्यावर खारं पाणी आलं, की तिथे बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. गच्चीवर याला वेळ लागतो, होडीवर नाही. बिलावर नुसतं ‘पट्टी, नळी, स्क्रू’ आहे. समुद्रावर न्यायचंय एवढं काउंटरवर बोलला असतात, तर पितळी क्लँप काढून दिला असता.

नळी पातळ आहे ते बरंच आहे. उपग्रहाचा १३७ मेगाहर्ट्झचा सिग्नल तांब्याच्या वरच्या थरातूनच वाहतो, तो थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. जाड नळीने डोलकाठीच्या टोकावर फक्त वजन वाढेल. नळी हिरवट पडली तरी चालेल, सांधे मात्र डाख देऊन पक्के करा. वरून सिलिकोन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ म्हणजे त्या ॲसिडाशिवायचं मागा. महाग आहे, आमच्याकडेसुद्धा.

राहता राहिली चित्रं. नोआ-१८ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह जून २०२५ मध्येच बंद झाला होता. मग १३ ऑगस्टला नोआ-१९ आणि १९ ऑगस्टला नोआ-१५ अमेरिकेने कायमचे बंद केले. सांधा सोन्याचा असता तरी त्यानंतर त्यांचं चित्र आलं नसतं! रशियाचे मेटिऑर-एम उपग्रह त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास चित्रं पाठवतात, पण डिजिटल. अँटेना हाच चालेल, सॉफ्टवेअर बदला.

पट्टीचे पैसे परत मिळणार नाहीत. न कापलेली नळी उरली असेल तर बिलासकट आणा, परत घेतो. पितळी क्लँप बाजूला काढून ठेवलेत. रविवारी दुकान बंद असतं.