पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांना हसण्याआधी

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी मला तोच व्हिडिओ पाठवते. पहिल्यांदाच विमानात पाऊल ठेवणारे एक आजोबा दारातच चपला काढून हातात घेतात, दारातली मुलगी हसू दाबते आणि मागून कोणीतरी ते सगळे मोबाइलवर टिपतो. पाठवणाऱ्याची अपेक्षा अशी की, तू तर विमानातच काम करतेस, तेव्हा तूही असे दोन-चार किस्से सांग. किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत. मात्र १४ वर्षे केबिन क्रू म्हणून काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, विमानात खरी करमणूक करतो तो सगळे आधीपासून ठाऊक असलेला माणूस, आणि त्या यादीत माझेही नाव आहे, हे आताच कबूल करून टाकते.

‘हवाई सुंदरी’ हा शब्द मी वापरत नाही. पहाटे साडेतीन वाजता सोसायटीच्या फाटकाशी कंपनीच्या गाडीची वाट पाहत उभी असलेली बाई सुंदर दिसत असेल, तर ते अंधारामुळे. माझ्या आजीने या नोकरीला पहिल्याच दिवशी ‘विमानातली वाढपी’ असे नाव दिले होते आणि ते घरात अजूनही चालते. आजीला मी समजावून सांगत असे की, या कामावर नेमलेली पहिली बाई, एलन चर्च, ही शिक्षणाने परिचारिका होती. १५ मे १९३० रोजी ती अमेरिकेत पहिल्यांदा या कामावर चढली, तेव्हा लोकांना विमानाची भीती वाटत असे आणि परिचारिका सोबत असेल तर धीर येईल, असा त्यामागे हिशेब होता. आजही आपल्याकडे ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी हवा, हा नियम जेवण वाढण्यासाठी केलेला नाही. अर्धे दरवाजे बंद असतानाही सगळी माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमान बनवणाऱ्याला आधी सिद्ध करून दाखवावे लागते, आणि त्या ९० सेकंदांत ओरडून लोकांना बाहेर काढणे हे आमचे मूळ काम आहे. आजी सगळे शांतपणे ऐकून घेई आणि विचारी, “पण वाढतेस ना?”

आता ज्या उड्डाणामुळे माझे हे मत पक्के झाले, त्याकडे येते. छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीला जाणारे विमान होते. त्यात बीडकडच्या एका बचत गटाच्या २२ महिला चढल्या. पापड, चटण्या आणि गोधड्या घेऊन त्या दिल्लीला एका प्रदर्शनासाठी निघाल्या होत्या आणि बाविसांपैकी एकीनेही याआधी विमान आतून पाहिले नव्हते. सगळ्यांना जागेवर बसवून मी सुरक्षेचे प्रात्यक्षिक दाखवायला उभी राहिले. ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांना सांगते की, पाण्यात तरंगायचे पिवळे जॅकेट गळ्यात अडकवून दीडशे माणसांसमोर उभे राहायचे आणि एकानेही मान वर करायची नाही, याची आम्हाला इतकी सवय झालेली असते की हात आपोआप चालतात आणि डोक्यात रात्रीच्या भाजीचा विचार असतो. त्या दिवशी मात्र २२ जणी टक लावून पाहत होत्या. मी पट्टा उघडून दाखवला की त्या आपापला पट्टा उघडून पाहत, मी दरवाज्यांकडे हात केला की २२ माना तिकडे वळत. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, “बाई, ती फुंकायची नळी पुन्हा एकदा दाखव. त्या वक्ताला मी पट्ट्यातच गुतले होते.”

मी पुन्हा दाखवले. माझ्या संपूर्ण नोकरीत प्रात्यक्षिकाला ‘वन्स मोअर’ मिळालेला हा एकमेव प्रसंग आहे.

त्याच वेळी, पंखावरच्या आपत्कालीन दरवाज्याजवळच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. त्या रांगेतल्या प्रवाशांना दरवाजा कसा उघडायचा, हे आम्हाला वेगळे समजावून सांगावे लागते, कारण वेळ आलीच तर तो त्यांनाच उघडायचा असतो. मी तोंड उघडताच त्यांनी हात वर केला आणि आपण दर आठवड्याला विमानाने जातो, आपल्याला सगळे ठाऊक आहे, असे सांगितले. मी अतिशय नम्रपणे विचारले, “मग सर, हँडल ओढल्यावर दरवाज्याचे काय करायचे?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तुम्ही याल ना उघडायला?” तो दरवाजा बिजागरीवर फिरत नाही, हँडल ओढल्यावर तो अख्खा सुटून हातात येतो आणि उचलून बाहेर फेकून द्यायचा असतो, हे ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदाच दरवाज्याकडे नीट पाहिले.

अर्ध्या तासाने हेच गृहस्थ स्वच्छतागृहाशी उभे होते. स्वच्छतागृहाचे दार मधोमध दुमडून आत जाते आणि नेमके मध्यावर ढकलावे लागते. त्यांनी ते ढकलायचे सोडून ओढले आणि ओढायला जे हाताला लागले ते ओढले. विमानात धूम्रपानाला बंदी आहे, तरीही एखाद्याने नियम मोडून सिगारेट पेटवलीच तर ती कागदाने भरलेल्या कचरापेटीत जाऊ नये, म्हणून दारावर एक छोटी राखदाणी ठेवावीच लागते. मी वळून पाहिले तेव्हा ते राखदाणी हातात घेऊन उभे होते, आणि चेहऱ्यावरून असे वाटत होते की, चूक विमानाचीच आहे. अशा राखदाण्या मी वर्षाकाठी किती वेळा जागच्या जागी बसवते, याचा हिशेब ठेवलेला नाही, पण त्या उपटणाऱ्यांत लॅपटॉपवाले जास्त असतात, एवढे खात्रीने सांगते.

काहींना त्याहून मोठ्या दाराचा मोह होतो. खूप उंचावर असताना तो निरुपद्रवी असतो, कारण विमान ३६,००० फुटांवर असताना आतल्या हवेचा दाब दाराच्या दर चौरस मीटरवर पाच टनांहून अधिक भाराने रेटत असतो आणि ते दार उघडणे तालमीतल्या पहिलवानालाही शक्य नाही. जमिनीवर मात्र गोष्ट वेगळी आहे. एकदा धावपट्टीकडे निघालेल्या विमानात एक माणूस स्वच्छतागृह समजून थेट बाहेरच्या दाराच्या हँडलला हात घालत होता, तेव्हा मी जंपसीटवरून, म्हणजे आमच्या दुमडत्या आसनावरून, ज्या आवाजात ओरडले, तो आवाज माझ्याकडे आहे हे मलाही ठाऊक नव्हते. दार उघडले असते तर संकटात उतरण्यासाठी दारात बसवलेली घसरगुंडी क्षणार्धात फुगून बाहेर पडली असती आणि ते उड्डाण तिथेच संपले असते. नंतर तो माणूस हात जोडून म्हणाला, “मॅडम, दारावर लिहा ना तसं.” लिहिलेले होते. इंग्रजीत होते. त्याच्यावर हसणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

बिचाऱ्यांची चूक नसते, असे आणखी एक प्रकरण म्हणजे डोक्यावरची बटणे. वाचनाचा दिवा आणि आम्हाला बोलावण्याची घंटी शेजारी-शेजारी असतात आणि त्यांवरची चित्रे ज्याने काढली, त्याला चष्मा नसावा. नागपूरच्या विमानात एका आजोबांनी मला सात वेळा बोलावले आणि सातव्या वेळी तेच वैतागून म्हणाले, “अगं बाई, मी वाचायला दिवा लावतो आणि दर वेळी तूच येतेस!” मी दिवा लावून दिला. उतरेपर्यंत त्यांनी तो बंद केला नाही, न जाणो पुन्हा मी यायची.

चहाबद्दल तक्रार करणाऱ्या पुणेकरांचीही मला बाजू घ्यायची आहे. “हा चहा उकळलेलाच नाही,” असे एक काका दोन घोट घेऊन शांतपणे म्हणाले, आणि माझी नवखी सहकारी त्यांची समजूत घालू लागली. काकांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहूनही वर बसून चहा पीत असतो. तिथे पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळू लागते, आणि आमच्या गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातल्या, यंत्रातून पेल्यात येईपर्यंत ते आणखी निवते. त्यात पुडी बुडवून वर दुधाची पावडर घातल्यावर जे तयार होते, त्याला चहा म्हणणे हा सौजन्याचा भाग आहे.

आता माझी पाळी. पाच उड्डाणांच्या एका दिवसात, चौथ्या वेळी चाके जमिनीला लागल्यावर मी माईक उचलला आणि अत्यंत प्रसन्न आवाजात सर्वांचे इंदूरमध्ये स्वागत केले. विमान हैदराबादला उतरले होते. पहिल्या दोन सेकंदांत कोणीच काही बोलले नाही, मग मागून एक बाई जोरात म्हणाल्या, “अरे देवा, चुकीच्या विमानात बसलो!” आणि निम्मी केबिन आपापले बोर्डिंग पास शोधू लागली. दुरुस्ती करण्यासाठी मी पुन्हा माईक उचलला तेव्हा इतकी गडबडले होते की, स्थानिक वेळही चुकीची सांगितली. त्यानंतर शहराचे नाव मी तळहातावर लिहून ठेवते.

दुसरी गोष्ट आईमुळे घडली. विमानात कोणत्या वस्तू धोकादायक ठरतात, याचे प्रशिक्षण आम्हाला ठरावीक काळाने पुन्हा घ्यावे लागते आणि परीक्षाही द्यावी लागते. त्या यादीत आपले सुके खोबरे आहे, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ही परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन चार दिवस झाले होते, आणि गणवेशात, केस आवळून बांधून, सहकाऱ्यांसमोर सुरक्षा तपासणीत माझी बॅग बाजूला काढली गेली. आईने बहिणीकडे द्यायला म्हणून तळाशी टॉवेलात गुंडाळून खोबऱ्याच्या सहा वाट्या ठेवल्या होत्या. तपासणाऱ्या बाईंनी माझ्याकडे, मग वाट्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मॅडम, आपको तो मालूम होगा?” आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, “घरात चाळीस वर्षं खोबरं आहे, कधी पेटलं नाही.”

तर ते दिल्लीचे विमान. अर्ध्या वाटेवर मी ट्रॉली ढकलत गेले, तेव्हा मघाच्या मावशींनी शेजारणीला कोपराने सारले आणि म्हणाल्या, “सरक की जराशी, लेकराला बसू दे. मघापासून उभीच आहे, जागा मिळाली नाही वाटतं.” एसटीत उभ्या राहिलेल्या पोरीसाठी माणूस सरकतो, त्याच सहजतेने तिघी जणी तीन आसनांत चौथीसाठी जागा करू लागल्या. मला बसता येणार नाही, हे पटवून द्यायला थोडा वेळ लागला. त्याबदल्यात दोन शेंगदाण्याचे लाडू घ्यावे लागले आणि ते मी पडद्याआड उभ्याने खाल्ले.

विमान दिल्लीत उतरले आणि अजून ते धावपट्टीवरून वळतही नव्हते, तोच नेहमीप्रमाणे पट्टे सुटल्याचे खटाखट आवाज सुरू झाले. राखदाणीवाले गृहस्थ सर्वांच्या आधी उठले आणि डोक्यावरचा कप्पा उघडून, मान वाकडी करून, एक हात बॅगेवर ठेवून उभे राहिले. त्यांना पाहून आणखी आठ-दहा जण उठले. मी माईकवरून बसण्याची विनंती केली, ती कोणी ऐकली नाही. त्या २२ जणी मात्र पट्टे लावून, हात मांडीवर ठेवून, डोक्यावरच्या पट्ट्याच्या पेटलेल्या चित्राकडे पाहत जशाच्या तशा बसल्या होत्या. मावशींनी मागे वळून त्या गृहस्थांकडे पाहिले.

“अहो भाऊ, खाली बसा. दिवा अजून विझला नाही.”

ते बसले.